डोळ्यातली पिवळी चमक: कोट्स आजाराविषयी पालकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मुलांच्या तिरळेपणाविषयी लिहिताना ‘कोट्स’ या दुर्मीळ आजाराचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर ज्या घरांत हे नाव डॉक्टरांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकले गेले आहे, अशा काही घरांतून पत्रे आली. आजार दुर्मीळ असला की त्याविषयी विचारायला शेजारीपाजारी कोणी नसते, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या पत्रांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षांचा आहे. दिवाळीत माझ्या भावाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. त्यात उजवा डोळा लालसर आणि डावा डोळा मांजराच्या डोळ्यासारखा पिवळा चमकताना दिसला. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून तपासले आणि “कोट्स असावा, पण आधी गाठ नाही ना हे पाहावे लागेल,” असे सांगून मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे भूल देऊन तपासणी आणि एमआरआय करायला सांगितले आहे. एवढ्याशा मुलाला भूल द्यायलाच हवी का? सुई घालून तुकडा तपासला तर लगेच निकाल लागणार नाही का? आणि त्याला एका डोळ्याने दिसत नव्हते, हे मला, त्याच्या आईला, कसे कळले नाही?
— एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण तो प्रश्न तुम्हाला झोपू देत नसणार. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याने अंधूक दिसते आहे, हे मुलाला स्वतःलाच ठाऊक नसते. चांगला डोळा सगळे काम उरकतो. मूल धावते, चेंडू झेलते, चित्रातली मुंगीसुद्धा बोट ठेवून दाखवते. या आजारात सुरुवातीला डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही येत नाही. खेळता खेळता चांगला डोळा झाकला गेला आणि मूल हात ढकलून चिडले, तरच घरात कोणाच्या लक्षात येते, नाहीतर तिरळेपणा दिसल्यावर किंवा तुमच्यासारखे एखाद्या फोटोवरून. तुमच्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही. उलट, तो फोटो पाहून तुम्ही नजर लागल्याचे म्हणत बसला नाहीत, मुलाला दवाखान्यात नेलेत, हेच महत्त्वाचे होते.

फोटोत डोळा लाल दिसतो तो फ्लॅशचा प्रकाश आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून परत फिरतो म्हणून. त्या वाटेवर पिवळा चरबीयुक्त साका जमला असेल, तर परत येणारा प्रकाशही पिवळा होतो. (एखाद्याच फोटोत, मूल थोडे बाजूला बघत असताना, निरोगी डोळाही पांढुरका चमकू शकतो, कारण तेव्हा प्रकाश नेमका दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, तोंडावर पडलेला असतो. पण ते घरी ठरवायचे नाही, तपासून घ्यायचे. हल्लीच्या मोबाइलमध्ये डोळ्यातली लाली आपोआप पुसण्याची सोय असते, त्यामुळे फोटोत काही दिसत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असेही समजू नये.)

आता आजाराविषयी. जॉर्ज कोट्स या स्कॉटिश नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली त्याचे पद्धतशीर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. दृष्टिपटलाच्या, म्हणजे बोलीत आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्याच्या, कडेकडच्या काही रक्तवाहिन्यांच्या भिंती जन्मतः किंवा पुढे कधीतरी कच्च्या पडतात. त्या वेड्यावाकड्या रुंदावतात आणि त्यांवर जागोजागी छोटे फुगे येतात. तपासताना ते लाल रंगाच्या बारीक दिव्यांच्या माळेसारखे दिसतात, एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. या भिंतींतून रक्तातले पाणी आणि चरबी पडद्यात व पडद्याखाली झिरपते. पाणी काही प्रमाणात शोषले जाते, चरबी मागे राहते, तीच पिवळी दिसते. झिरपणे चालूच राहिले तर पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा जसा फुगून सुटतो, तसा पडदा आपल्या जागेवरून सुटतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉक्टरांनी २००१ साली १५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश मुलगे होते आणि ९५ टक्के रुग्णांत एकच डोळा बाधित होता. तुमच्या मुलाचे चित्र त्याच्याशी जुळणारे आहे.

तरीही डॉक्टर “आधी गाठ नाही ना ते पाहू” म्हणाले, ते अगदी योग्य आहे. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोग बाहेरून असाच दिसू शकतो, आणि त्यात उशीर झाला तर प्रश्न डोळ्याचा न राहता जिवाचा होतो. कर्करोग बहुधा अधिक लहान वयात, पहिल्या तीन वर्षांत आढळतो. त्याच्या गाठीत चुन्याचे कण असतात आणि ते सोनोग्राफीत चमकतात. कोट्समध्ये सहसा घन गाठ नसते, पडद्याखाली द्रव आणि कोलेस्टेरॉलचे लकाकणारे कण असतात. सीटी स्कॅनमध्ये चुना चांगला दिसतो, परंतु त्यात किरणोत्सर्ग असल्यामुळे लहान मुलांत एमआरआयला पसंती दिली जाते. ‘सुई घालून तुकडा’ हा मार्ग मात्र या संशयात वर्ज्य आहे, कारण गाठ कर्करोगाची निघाली तर सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. कोणी घाईने तसे सुचवले, तर नकार द्या आणि बालनेत्रपटलतज्ज्ञांकडे, म्हणजे मुलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या तज्ज्ञांकडे, जा.

भूल हवीच का? होय. पडद्याची कड पाहण्यासाठी डोळ्याचा पांढरा भाग बाहेरून एका बोथट उपकरणाने हलकेच दाबून आतला प्रत्येक कोपरा समोर आणावा लागतो. पाच वर्षांचे मूल जागेपणी ते करू देत नाही आणि धरून-बांधून करू नये. शिवाय त्याच वेळी शिरेतून फ्लुरोसिन नावाचा पिवळा रंग देऊन पडद्याचे फोटो काढले जातात. नुसत्या डोळ्यांनी साध्या भासणाऱ्या जागी रंग झिरपताना दिसतो आणि नेमक्या कोणत्या वाहिन्या बंद करायच्या, हे तेव्हा कळते. अनेकदा दुसऱ्या डोळ्याचीही अशीच पाहणी करून, त्याच भुलीत गळक्या वाहिन्या बंद करणारा पहिला लेसर उरकला जातो. दुसऱ्या दिवशीपर्यंत मुलाची त्वचा पिवळसर आणि लघवी गर्द केशरी दिसेल, घाबरू नका, तो फक्त तो रंग असतो. भुलीआधी किती तास उपाशी ठेवायचे हे भूलतज्ज्ञ सांगतील, ते तंतोतंत पाळा. आजोबांनी प्रेमाने दिलेल्या एका बिस्किटामुळे तारीख रद्द झालेली मी पाहिली आहे, आणि ती केवळ आडमुठेपणाने रद्द केलेली नसते. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : आमच्या ७ वर्षांच्या मुलाला चार महिन्यांत दोनदा लेसर आणि एकदा डोळ्यात इंजेक्शन झाले. तरी पडद्यावरचा पिवळेपणा आहे तसाच आहे आणि तक्त्यावरची एकही ओळ वाढलेली नाही. उपचार फसले असे समजावे का? नुसत्या इंजेक्शनने हा आजार बरा होतो, असे नातेवाइकांनी ऐकले आहे.
— एक वडील, रत्नागिरी

उत्तर : चार महिन्यांत हा निष्कर्ष काढू नका. लेसरचे काम पिवळा साका पुसणे हे नाही, गळकी वाहिनी बंद करणे हे आहे. नळ बंद केल्यावरही अंगणातले पाणी जिरायला वेळ लागतो, आणि इथे जिरायची आहे ती चरबी. पडद्यातल्या पेशी ती सावकाश उचलून नेतात, त्याला सहा महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. कित्येकदा पाणी आधी आटते आणि उरलेली चरबी घट्ट होऊन पूर्वीपेक्षा अधिक पिवळी दिसते. ते आजार वाढल्याचे लक्षण नसते. म्हणून पुढच्या भेटीत “पिवळेपणा गेला का?” यापेक्षा “गळणाऱ्या वाहिन्या बंद झाल्या का, नवीन उघडल्या का, आणि पडदा खाली बसतो आहे का?” असे विचारा.

लेसरच्या उष्णतेने वाहिनीतले रक्त गोठते आणि ती मिटते. पडदा फार उंच सुटलेला असेल, तर खालच्या द्रवामुळे उष्णता पुरेशी लागत नाही. तेव्हा क्रायो करतात, म्हणजे डोळ्याच्या बाहेरून अतिशीत सळई टेकवून वाहिनी गोठवायची, वितळू द्यायची आणि पुन्हा गोठवायची. क्रायो एकाच वेळी खूप केला तर द्रव तात्पुरता वाढतो, म्हणून तो टप्प्याटप्प्याने करतात. पडदा पूर्णच सुटून भिंगापर्यंत पुढे आला असेल, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बारीक छेद देऊन खालचा द्रव बाहेर काढावा लागतो आणि मग वाहिन्या बंद केल्या जातात. दोन सत्रांमध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर ठेवतात, त्यामुळे तुमच्या मुलाची दोन सत्रे म्हणजे सुरुवातच आहे.

इंजेक्शनविषयी नीट समजून घ्या. या डोळ्यांत व्हीईजीएफ नावाचे, वाहिन्यांना गळायला लावणारे प्रथिन वाढलेले असते. बेव्हॅसिझुमॅबसारखे औषध ते प्रथिन काही आठवडे निष्प्रभ करते. पडदा थोडा खाली बसतो आणि लेसर चांगला लागतो. ही मदत मोलाची आहे. पण औषध ओसरले की कच्ची भिंत पुन्हा गळते, कारण ती जागच्या जागी असते. म्हणून इंजेक्शन लेसर किंवा क्रायोच्या जोडीला द्यायचे, त्याऐवजी नाही. हे औषध मूळचे आतड्याच्या कर्करोगासाठी आले आणि डोळ्यात ते परवान्याबाहेरच्या वापरात, म्हणजे ज्या आजारासाठी मंजुरी आहे त्याहून वेगळ्या आजारासाठी, दिले जाते. संमतीपत्रावर तसे लिहिलेले दिसले तर दचकू नका, मात्र वाचल्याशिवाय सहीही करू नका. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही मुलांत द्यावे लागते, त्याने मोतीबिंदू होऊ शकतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. ते दिले असेल तर दाब मोजण्याची तारीख चुकवू नये.

दृष्टीविषयी खोटा दिलासा देणार नाही. पडद्याच्या मध्यभागी, जिथे आपण अक्षर वाचतो त्या पीतबिंदूखाली चरबी साचून गाठोळी झाली असेल, तर पुढे सगळे कोरडे झाले तरी तिथला व्रण राहतो. वर सांगितलेल्या १५० रुग्णांच्या अनुभवात सुमारे तीन-चतुर्थांश बाधित डोळ्यांची दृष्टी पहिल्या तपासणीच्या वेळीच ६/६० (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून कमी होती, कारण अनेक जण उशिरा आलेले होते. मग उपचार कशासाठी, असे तुम्ही विचाराल. तो डोळा जागेवर राहावा, दुखू नये, आक्रसू नये, कडेची नजर शाबूत राहावी, यासाठी. बाजूने येणारी दुचाकी त्या कडेच्या नजरेनेच दिसते. माझ्या मते तक्त्यावरची ओळ हे या आजारातल्या यशाचे माप नव्हे, आणि ज्या पालकांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले जात नाही, तेच पालक तिसऱ्या लेसरला येत नाहीत. दोष त्यांचा नसतो.

प्रश्न : नातवाच्या आजारी डोळ्यावर उपचार झाले. आता डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात. पट्टी लावली की तो रडतो, आंधळ्यासारखा चाचपडतो. मला ते बघवत नाही. सून मात्र सोडत नाही. चांगला डोळा झाकून कसे चालेल?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, तुमचा जीव तुटतो हे खरे आहे, पण या बाबतीत सूनबाईंना साथ द्या. डोळा कॅमेऱ्यासारखा प्रकाश टिपतो, दिसणे मात्र मेंदू शिकतो, आणि तो साधारण सात-आठ वर्षांपर्यंत सर्वांत वेगाने शिकतो. आजारी डोळ्याकडून धूसर चित्र येत असल्यामुळे मेंदूने त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावून घेतलेली असते. पडदा बसल्यावर त्या डोळ्यात जेवढी क्षमता उरली आहे, तेवढी पट्टीशिवाय कामाला लागणार नाही. चष्मा दिला असेल तर तोही पट्टीच्या वेळी घातलाच पाहिजे.

पट्टी त्वचेला चिकटणारी हवी. चष्म्याच्या काचेवर लावली की मूल बाजूने डोकावते. दिवसातून किती तास, हे डॉक्टर ठरवतात. बहुधा दोन ते सहा तासांच्या दरम्यान असते. आणि ते तास त्याला नुसते बसवून ठेवू नका. इथे तुमच्याइतके उपयोगी कोणी नाही. परातीत राजमा आणि चवळी एकत्र करून वेगळी करायला द्या, मोठे मणी ओवायला द्या, शेंगा सोलायला जवळ बसवा. जवळची, हाताची, आवडीची कामे हवीत. जिन्यावर आणि रस्त्यावर पट्टी लावून पाठवू नका. दर भेटीत चांगल्या डोळ्याचीही दृष्टी मोजली जाते, म्हणून तो बिघडेल ही भीती नको. काही महिने मनापासून करूनही फरक पडला नाही, तर डॉक्टर स्वतःच पट्टी थांबवतील.

एक गोष्ट मात्र आजपासून करा. त्याच्या चांगल्या डोळ्याचे रक्षण. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या, न फुटणाऱ्या काचांचा चष्मा दिवसभर हवा. विटीदांडू, धनुष्यबाण, छर्ऱ्याची बंदूक आणि फटाके या मुलापासून लांब ठेवा. त्याच्याकडे राखीव डोळा नाही.

प्रश्न : पहिल्या मुलाला कोट्स आहे. मी पुन्हा गरोदर आहे. दुसऱ्या बाळालाही होईल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नेहमीचा, एकाच डोळ्यातला कोट्स वंशपरंपरेने येत नाही. गरोदरपणातले खाणे, ग्रहण, औषधे यांतले काहीही त्याचे कारण नाही. मात्र दोन्ही डोळ्यांत तसे बदल असतील, तर निदान पुन्हा तपासावे लागते. एफईव्हीआर या नावाने ओळखला जाणारा, पडद्याच्या कडेपर्यंत वाहिन्या न पोहोचण्याचा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि त्यात आईवडील व भावंडे यांचे पडदे, त्यांना काही त्रास नसला तरी, तपासतात. फार क्वचित, मेंदूत चुन्याचे साठे आणि हाडांचा ठिसूळपणा यांच्यासह येणारा एक जनुकीय प्रकारही आहे. तुमच्या पहिल्या मुलाच्या अहवालात ‘दुसरा डोळा सामान्य’ असे लिहिले असेल, तर निर्धास्त राहा. बाळ मुदतीपूर्वी, ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले, तर मात्र त्याच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत करून घ्या. ती वेगळ्या आजारासाठी असते आणि ती प्रत्येकच अशा बाळाची करायची असते.

प्रश्न : मुलीचा डोळा पूर्ण निकामी आहे. दाब वाढून तो सतत दुखतो, ती रात्री उठून रडते. डोळा काढण्याचा सल्ला मिळाला आहे. मन तयार होत नाही.
— एक आई-वडील, नांदेड

उत्तर : पडदा पूर्ण सुटून बराच काळ लोटला की डोळ्याच्या पुढच्या भागात नको त्या वाहिन्या उगवतात, पाण्याचा निचरा तुंबतो आणि वेदनादायक काचबिंदू होतो. थेंबांनी किंवा द्रव काढून दाब उतरत असेल, तर डोळा ठेवता येतो. न दिसणारा पण न दुखणारा डोळा काढण्याची गरज नसते. परंतु दृष्टी कायमची गेलेली आहे, वेदना थांबत नाही आणि आत कर्करोग नाही याची पूर्ण खात्रीही देता येत नाही, अशा स्थितीत डोळा काढणे हा त्या मुलीवरचा अन्याय नाही. ती रात्रभर झोपेल. एकदा दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या, तुम्हाला तो अधिकार आहे, पण त्यासाठी महिने घालवू नका.

शस्त्रक्रियेत डोळ्याच्या जागी आत गोल रोपण बसवतात, स्नायू त्याला जोडतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी त्यावर मापाचा कृत्रिम डोळा बसवतात. तो दुसऱ्या डोळ्याच्या रंगाशी जुळवून रंगवलेला, बऱ्यापैकी हलणारा असतो. मूल वाढते तसा तो बदलावा लागतो. काढलेला डोळा विकृतिशास्त्र तपासणीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, पाठवला आहे ना, हे विचारा आणि तो अहवाल जपून ठेवा. दिव्यांगत्वाच्या दाखल्याविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. दुसऱ्या डोळ्याची दृष्टी चांगली असताना एक डोळा पूर्ण गेल्यास ३० टक्के दिव्यांगत्व धरले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षणासारख्या तरतुदींसाठी किमान ४० टक्के लागते. त्यामुळे त्या तरतुदी तिला लागू होणार नाहीत. हे मला स्वतःला पटत नाही, पण आजचा नियम असा आहे.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी मुलाला घेऊन रात्रीच्या गाडीने जातो, दोन दिवसांची मजुरी बुडते. डॉक्टर म्हणतात आता आजार शांत आहे. मग अजून किती वर्षे यायचे?
— एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : वर्षानुवर्षे यावे लागेल, हे सांगताना मला तुमची रात्रीची गाडी दिसते आहे. बंद केलेल्या वाहिन्यांच्या शेजारची, आजवर ठीक असलेली वाहिनी काही वर्षांनी गळू लागते, आणि लवकर सापडली तर एका लेसरमध्ये मिटते. मूल तक्रार करणार नाही हे तर आपण पाहिलेच. मात्र दर तीन महिन्यांनीच यावे लागेल असे नाही. आजार शांत राहिला की अंतर सहा महिन्यांवर आणि पुढे वर्षावर नेतात. तुम्ही डॉक्टरांना मजुरीची अडचण मोकळेपणाने सांगा आणि अंतर वाढवता येईल का, मधली एखादी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या नेत्रपटलतज्ज्ञांकडे चालेल का, असे विचारा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाची कोणती प्रक्रिया बसते तेही पाहा, आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते त्याच्याकडे मुलाची नोंद करा, तो कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

प्रत्येक भेटीत पडद्याचे जे फोटो काढतात, त्यांच्या प्रती मागून घ्या. कागदावरच्या काळ्या छापांपेक्षा मोबाइलमधले किंवा पेनड्राइव्हमधले रंगीत फोटो हवेत, आणि प्रत्येकावर तारीख हवी. उद्या गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी नव्या तज्ज्ञाला मागच्या वर्षीची तीच वाहिनी आणि या वर्षीची तीच वाहिनी शेजारी ठेवून पाहता येते. मुलगा आज ९ वर्षांचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याला स्वतःलाही आता शिकवा की महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चांगला डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे आणि मागच्या वेळी दिसत होते तेवढे आज दिसते का, ते घरात सांगायचे.